दोन खाचा

ओरल पॅथॉलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये स्पॉटर नावाचा एक छळ असतो. हॉलभर टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर काहीतरी ठेवलेलं. कुठे मायक्रोस्कोपखाली स्लाइड, कुठे एक्स-रे, कुठे काचेच्या बरणीत फॉर्मलिनमध्ये बुडवलेला माणसाचा तुकडा. रोग ओळखायचा, त्याच्या दोन खुणा लिहायच्या, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर सरकायचं. रडायला, हसायला, पाणी प्यायला सवड नाही. ही पद्धत ज्याने काढली त्याला माणसाचं मन बरोबर कळत असावं.

सुचिता नागपूरच्या डेंटल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. ती खिडकीजवळच्या टेबलावर सरकली तेव्हा बरणीत खालच्या जबड्याची डावी बाजू होती. दाढांच्या जागी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ, तिच्या कडा बाहेर वळलेल्या. पुढचे दात मात्र शाबूत होते, आणि सुळ्याच्या टोकाला एक खाच होती.

ती खाच तिने पाहिली आणि ही आपली आई आहे हे तिला कळलं.

म्हणजे आई नव्हे. आई सौंसरला घरी होती आणि या वेळी बहुतेक भाताची पेज गाळत असेल. हा आईचा जबडा होता. काही वर्षांपूर्वी कॉलेजला लागूनच असलेल्या दवाखान्यात कापून काढलेला आणि त्यानंतर कुठे गेला ते कोणालाच माहीत नसलेला.

सुचिताने काय केलं असेल? पेन उचललं आणि लिहिलं. जबड्याची डावी बाजू, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. पहिली खूण, फ्लॉवरसारखी वाढ. दुसरी खूण, बाहेर वळलेल्या कडा. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. घंटा वाजली, ती सरकली. पुढच्या टेबलावर त्याच रोगाची स्लाइड होती. त्यात पेशी एकमेकींभोवती गोल गोल गुंडाळून बसतात, त्यांना पुस्तकात मोती म्हणतात. असल्या गोष्टीला मोती म्हणणाऱ्याच्या जिभेला हाड नव्हतं एवढंच म्हणायचं. सुचिताने मोती ओळखले आणि गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी त्यांचं चित्रही काढलं.

बाहेर आल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, खिडकीजवळचं किती सोपं होतं! ती म्हणाली, हो, सोपं होतं. मग मेसमध्ये जाऊन रोजच्यापेक्षा एक पोळी जास्तच जेवली.

या पोरीला दगड म्हणू नका. दगड ती नव्हती. आईच्या तोंडावरची पट्टी पहिल्यांदा सोडली तेव्हा ती वॉर्डात उभी होती, बारावीची पोर. आईचा अर्धा चेहरा आत बसलेला तिने पाहिला, नर्सने मागितला म्हणून कापूस पुढे केला, आणि त्या दिवसापासून तिच्या आतलं काहीतरी झोपलं ते उठलंच नाही. नस कापली की पुढचा भाग बधिर होतो, हे तिला नंतर पुस्तकात मिळालं. कोणती नस ते मात्र पुस्तकात नव्हतं. आईसाठी पोरगी दाताची डॉक्टर होऊन राहिली, असं सौंसरच्या बौद्धवाड्यात सगळे कौतुकाने सांगत. खरं म्हणजे परीक्षेच्या मार्कांत तिला तेवढंच मिळत होतं. पण लोकांचं कौतुक कोण परत करतो?

आई, वच्छलाबाई, मात्र बधिर होती ती फक्त हनुवटीपुरती. बाकी बाई तिखट. ऑपरेशनच्या वेळी छातीचं मांस वर ओढून गालाला शिवलं होतं, त्यामुळे बोलणं जाड यायचं, पण बोलल्याशिवाय राहायची नाही. ती म्हणायची, "संत्र्याले जंबेरीचं खोड, अन् मले छातीचा गाल. जनमभर मी कलमं बांधत आली, डॉक्टरनं माह्यावरच बांधलं पाह्य."

ओठाखाली काही ओघळलं तर तिला कळत नसे. त्यासाठी घरात एक खूण ठरली होती. समोरच्याने आपल्या हनुवटीला बोट लावायचं की वच्छलाबाई पदराने पुसून घेणार. चारचौघांत बोलायची गरज नाही. बाप भिवाजी नगरपालिकेच्या पाण्याच्या पंपावर होता. तो जेवताना दहादा आपल्या हनुवटीला हात लावायचा. नवखा पाहुणा समजायचा, याला दाढी खाजवायची सवय आहे.

सगळं सोसलं बाईने, पण एका गोष्टीवर तिचं अडलेलं होतं. कापलेला जबडा गेला कुठे? पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये कोणाचा तरी हात मशीनमध्ये गेला होता. दवाखान्याने त्याला तो हात फडक्यात बांधून परत दिला आणि त्याने तो जाम नदीच्या काठी पुरला, असं तिने ऐकलं होतं.

"त्याले त्याचा हात भेटला," ती म्हणायची, "मंग माहा जबडा मले काहून नाही भेटला?"

भिवाजी म्हणायचा, "आपल्यात असं काही मानत नाहीत, वच्छला. गेलं थे गेलं."

"मानन्याचा सवालच नाही. वस्तू माही होती. काय केलं, कुठी ठेवला, सांगाले तं पाहिजे का नाही?"

यावर भिवाजी उठून पंपावर निघून जायचा.

आता त्या खाचेचं सांगतो. सौंसरच्या बाहेर संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. थंडी पडली की तिथे बाया डोळे बांधायला बसतात. जंबेरीच्या, म्हणजे जंगली लिंबाच्या, रोपाला चाकूने चीर द्यायची, संत्र्याच्या फांदीवरचा डोळा त्यात बसवायचा, वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची, गाठ मारायची आणि उरलेली पट्टी दाताने तोडायची. कोणी म्हणेल, चाकू हातात असताना दात कशाला? चाकू पट्टीवर चालवला की त्याची धार जाते, बोथट चाकूने डोळा फाटतो, आणि फाटलेल्या डोळ्यामागे मालकाची बोलणी बसतात. म्हणून दात. वर्षानुवर्षं एकाच जागी पट्टी घासून सुळ्याला खाच पडते. सुचिता लहानपणी आईच्या मांडीवर पडून त्या खाचेत नख घालून खेळायची. आई लटकेच तिचं बोट चावायची.

वच्छलाबाईंच्या समोरच्या ओळीत शकुंतलाबाई बसायची. शेतवाल्या घरातली. नवरा हिरामण, मूळ पांढुर्ण्याचा. नर्सरीत बाया पाण्याच्या बाटल्या आपापल्या ठेवत आणि वच्छलाबाईंच्या बाटलीला तोंड लावणारी त्यांत एकही नव्हती. बोलून कोणी दाखवत नसे, तहान लागली की फक्त हात दुसऱ्या बाटलीकडे जायचा. शकुंतलाबाई तेवढी हीच बाटली उचलायची आणि घटाघटा प्यायची. दोघींची जोडी अशी जमली की एकीला ताप आला तर दुसरीचा खाडा व्हायचा. खर्र्याची पुडीही दोघींत एकच असायची. सुपारी आणि तंबाखू घोटलेला तो खर्रा डाव्या गालात धरला की थंडी कळत नाही, भूक कळत नाही आणि दात दुखत असला तर तोही कळत नाही. कळत नाही हाच तर त्याचा गुण. बाकीचं सगळं सुचिताने पुढे पुस्तकात वाचलं.

ही जोडी तुटली ती वच्छलाबाईंच्या ऑपरेशननंतर. त्या घरी आल्यावर हिवाळ्यात शकुंतलाबाई भेटायला आली. हातात संत्र्यांची पिशवी. दारातच बसली आणि नाकातोंडावर पदर धरला तो उठेपर्यंत काढलाच नाही. दोन शब्द बोलली असेल नसेल. ती गेल्यावर वच्छलाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या.

"माहा वास येत असन तिले," त्या म्हणाल्या. "साऱ्या बायाईनं माहं पाणी नाही पेलं तं मले काही नाही वाटलं. पण हे? हे असं करन?"

जखमेला वास होता, खोटं कशाला बोला. पण आपल्या माणसाने पदर लावला की तो वास दुप्पट होतो. पुढे उन्हाळ्यात कळलं की शकुंतलाबाईलाही तोच रोग निघाला. फार उशिरा निघाला. नागपूरला त्याच दवाखान्यात जबडा काढला, पण ती वॉर्डातून परतली नाही. ती तिथे होती तोवर वच्छलाबाई भेटायला गेल्या नाहीत. जाम नदीच्या काठी सरणावर ठेवली तेव्हा गेल्या, तर चेहऱ्याला पट्ट्या गुंडाळलेल्या. तोंड दिसलंच नाही. राग तसाच राहिला आणि ज्याच्यावर करायचा ते माणूस राहिलं नाही. यापेक्षा वाईट राग नसतो.

यंदाच्या दिवाळीत सुचिता घरी आली होती. मोबाइलच्या उजेडात आईचं तोंड बघताना तिला उजव्या गालात, आतून, पांढरा चट्टा दिसला. गॉजने पुसला, निघेना. आईने तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं.

"तुकडा काढून तपासावा लागन, आई. लहानसा."

वच्छलाबाईंनी तोंड मिटलं ते मिटलंच. दातखिळी बसल्यासारखं. संध्याकाळी उघडलं ते एवढंच सांगायला, "पहिला तुकडा कुठी हाय थे सांग. मंग दुसरा देईन."

भिवाजीने दाताच्या कण्या केल्या. शेजारणींनी आपला सल्ला दिला, की लोखंड लावू नको, लोखंड लागलं की पसरते, शकुंतलाचं पाह्यलं ना? वच्छलाबाई असल्या गोष्टी मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, आधीचं सांगा आणि मग पुढचं घ्या. सुचिताला मात्र पुढचं पान दिसत होतं. चट्टा आज चट्टा आहे. पुढच्या दिवाळीला तो काय असेल सांगता येत नाही, आणि या खेपेला कापायला दुसरा जबडा उरलेला नाही. हे सगळं तिला स्वच्छ कळत होतं, पण पुस्तकातलं कळावं तसं कळत होतं. भीती वाटायला हवी होती. ती वाटतच नव्हती, आणि याचीच तिला कधीकधी भीती वाटे.

तर अशा वेळी खिडकीजवळच्या टेबलावर ती बरणी भेटली.

पॅथॉलॉजीच्या धनश्री मॅडम कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. सुचिताने त्यांना सगळं सांगितलं, अभ्यासक्रमातला प्रश्न विचारावा तशा आवाजात.

"एका खाचेवरून तू हे म्हणतेस?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, त्या खाचेत नख घालून मी खेळलेली आहे."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "आण त्यांना. मीच बघेन, आणि हो म्हणाल्या तर त्याच दिवशी तुकडा घेऊ."

सुचिताने घरी फोन लावला. "आई, भेटला."

"काय भेटला?"

"तुहा जबडा. आमच्याच कॉलेजात हाय. बरणीत ठेवला हाय."

पलीकडे आईने हातातलं भांडं खाली ठेवलेलं ऐकू आलं. मग जाड आवाज आला. "बरा ठेवला हाय का?"

"हो."

"मंग येईन मी."

सौंसरहून नागपूरच्या बसने दोघं आली. वच्छलाबाईंनी तोंडाला दुपट्टा गच्च बांधलेला. बसमध्ये, बाजारात, लग्नात त्या तो सोडत नसत. हातात मॅडमसाठी संत्र्यांची पिशवी. भिवाजी म्हणाला, "मी बाहीरच बसतो. मले नाही पाहावत," आणि कॉरिडॉरमधल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला.

परीक्षा नसली की बरण्या विभागाच्या म्युझियममध्ये असत आणि त्याची किल्ली गुणवंताकडे असायची. तो तिथला जुना अटेंडंट. त्याने दार उघडलं, पंखा लावला, खिडकीजवळची बरणी टेबलावर आणून ठेवली आणि फडक्याने पुसली. एरवी तो बरण्या पुसत नसे, विद्यार्थीच बोटांचे ठसे उमटवून जात. आज त्याला कोणी सांगितलं नव्हतं, तरी पुसली.

वच्छलाबाईंनी दुपट्टा सोडला. परक्या माणसासमोर त्यांनी तो सोडलेला सुचिताने पहिल्यांदा पाहिला. त्या खाली वाकल्या. एका अंगाने पाहिलं, दुसऱ्या अंगाने पाहिलं.

"उलटी फिरव बरं, बापा," त्या गुणवंताला म्हणाल्या.

त्याने बरणी फिरवली. आतला तुकडा जरा हलला आणि स्थिर झाला. आई आपल्याच जबड्याला भेटतेय आणि आपण शेजारी उभ्या आहोत, हे सुचिताने मनाशी म्हणून पाहिलं. काही झालं नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"हा माहा नोहे," आई म्हणाली.

"आई, सुळ्यावर पाह्य ना. खाच हाय."

"पाह्यली. दोन हायेत. माही एकच होती."

सुचिताने पाहिलं. सुळ्याच्या शेजारच्या दाताला, आतल्या अंगाला, दुसरी खाच होती. पहिलीपेक्षा उथळ आणि जरा तिरपी. परीक्षेच्या दिवशी ती आपल्याला दिसली नाही, की दिसूनही आपण सोडून दिली, हे तिला आठवेना. हवं ते सापडलं की माणूस पुढचं बघत नाही.

वच्छलाबाईंनी टेबलाचा काठ धरला.

"हे शकुंतला हाय," त्या म्हणाल्या.

गुणवंताने फडकं उचललं आणि दुसऱ्या टोकाच्या कपाटातल्या बरण्या पुसायला गेला.

"माह्या दाताले कळ लागे ना," वच्छलाबाई सांगू लागल्या, बरणीकडेच बघत, "तवा मले पट्टी तोडता नाही ये. दोन-तीन हिवाळे असंच चाललं. मी पट्टी गुंडाळो, गाठ मारो, अन् टोक तिच्यापुढं धरो. थे आपल्या ओळीतून अशी आडवी वाके अन् माह्या हातातली पट्टी तोडे. माहे बोटं तिच्या ओठाले लागत. तिच्या सुळ्यावर तिची पट्टी चाले, म्हणून माही बाजूच्या दातानं. आडवी वाकून तोडे, म्हणून थे खाच तिरपी हाय." त्या थांबल्या. "एक खाच तिची. दुसरी माही."

सुचिता खाचेकडे बघत राहिली. आईच्या हनुवटीवर लाळ ओघळली होती, तिने सवयीने आपल्या हनुवटीला बोट लावलं. आईने पुसलं.

"सुचिता, एक सांग. एवढं मोठं व्हाले किती दिवस लागत असन?"

हा मात्र अभ्यासातला प्रश्न होता. सुचिताने बरणी उजेडाकडे फिरवली. वाढीचा आकार, हाडात किती खोल गेलंय, कडा कशा आहेत. "वरीस तरी लागलं असन. त्याच्यापेक्षा जास्तच."

"अन् थे गेली उन्हाळ्यात."

"हो."

"म्हणजे हिवाळ्यात, संत्री घेऊन आली होती तवा..."

"तवा होतं, आई. चांगलंच मोठं असन. तोंड उघडाले त्रास होत असन, वासही येत असन."

हे बोलल्यानंतर आपण काय बोललो ते सुचिताला कळलं. वच्छलाबाईंना आधीच कळलं होतं. त्यांनी हात उचलून आपल्या नाकातोंडावर पदर धरला, तसाच, जसा शकुंतलाबाईने दारात बसून धरला होता. क्षणभर धरला आणि सोडला.

"थो पदर माह्यासाठी नोता वं," त्या म्हणाल्या. "आपलं लपवून बसली होती माह्यापुढं. माहं तोंड असं झालेलं पाहून घाबरली असन. अन् म्या काय समजलं? म्या तिले वॉर्डात पाहालेही नाही गेली." त्यांनी तळहात काचेवर टेकवला. "थे खर्रा खात नोती पहिले. तिचा दात दुखला तवा म्याच चिमूटभर तिच्या गालात ठेवला. धर, म्हटलं, बधिर होईन. अन् झालं बधिर."

त्यांचा आवाज फाटला नाही, चढला नाही. जाड होता तेवढाच राहिला. पण काचेवरचा अंगठा त्या तिरप्या खाचेसमोर पुन्हा पुन्हा फिरत होता. आपण आईला जवळ घ्यायला हवं, असं सुचिताला वाटलं. तिने घेतलंही. हात आईच्या खांद्यावर ठेवला, ठेवल्यासारखा.

"पोराईले सांगतेत का, हे कोण होती म्हणून?"

"नाही, आई. नाव नसते."

"अन् परीक्षेत खाचा इचारतेत?"

"नाही. रोग इचारतेत."

"इचाराले पाहिजे," वच्छलाबाई म्हणाल्या.

गुणवंताने बरणी उचलून पुन्हा खिडकीजवळ ठेवली. ठेवताना दातांची बाजू आत, भिंतीकडे, नेहमी असते तशी करायला गेला, मग थांबला आणि उजेडाकडे केली.

सुचिताचा हिशोब चुकला होता. आईला बोलावलं होतं तिचा तुकडा दाखवायला आणि तो इथे नव्हताच. आईची अट तशीच उभी होती. तिने सरळ सांगून टाकलं, "आई, तुहा कुठी गेला मले नाही माहीत. म्या चुकीचं सांगतलं तुले."

वच्छलाबाई दुपट्ट्याची घडी घालत होत्या. आता त्या तो बांधतील, बाहेर जातील, भिवाजीला उठवतील आणि दुपारच्या बसने सौंसरला निघून जातील, असं सुचिताने धरून चाललं. त्यांनी दुपट्टा बांधला नाही. घडी करून काखेत मारला.

"जाऊ दे. कोण्या पोराईले शिकवून राहिला असन कुठी," त्या म्हणाल्या. "थे तोंड झाकून बसली, म्हणून गेली. मी नाही झाकत. खुर्ची कोणत्या खोलीत हाय?"

कॉरिडॉरमध्ये भिवाजी उठून उभा राहिला. बायकोचं उघडं तोंड चारचौघांत पाहून तो इतका गोंधळला की संत्र्यांची पिशवी आधी सुचिताच्या हातात दिली, मग परत घेतली. नेहमीसारखा त्याने आपल्या हनुवटीला हात लावला आणि वच्छलाबाई म्हणाल्या, "पुसलं, पुसलं. आता दाढी खाजवू नका."

धनश्री मॅडमनी खुर्ची मागे केली, दिवा ओढला. गालात सुई दिली. थोडं थांबून चिमट्याने टोचून पाहिलं. "काकू, काही कळतंय?"

"आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "होऊ द्या."

सुचिता बाजूला उभी होती. हातात मोजे, तोंडावर मास्क. आरशाच्या दांड्याने आईचा गाल बाहेर ओढून धरायचा एवढंच तिचं काम. दुसऱ्या हातात सक्शनची नळी. पांढरा चट्टा दिव्याखाली लख्ख दिसत होता. मॅडमनी ब्लेड टेकवलं. आईच्या पायाची बोटं आखडली. दुखत नव्हतं, दुखायला जागाच ठेवली नव्हती, तरी आखडली. ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा निघाला. मॅडमनी तो चिमट्यात धरून लहान बाटलीतल्या फॉर्मलिनमध्ये सोडला. तो हळूच तळाशी जाऊन बसला. सुचिताने तो जाताना पाहिला.

"गाल सोडू नकोस, टाका घालते," मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात खुर्चीच्या हातावरचा आईचा हात वर आला. तोंड आ केलेलं, बोलता येत नव्हतं. तिने आपल्या हनुवटीला बोट लावलं. सुचिताने पाहिलं. आईची हनुवटी कोरडी होती, सक्शन नीट चाललं होतं. तिने मान हलवली, काही नाही आई, कोरडं आहे. आईने पुन्हा बोट लावलं, आणि पुन्हा. तिचे डोळे सुचितावरून हलत नव्हते.

मॅडमनी टाक्याची गाठ मारली, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "सुचिता, मास्क बदल. पार भिजलाय."

तिला काही कळलं नव्हतं. कधी सुरू झालं, किती वेळ चाललंय, काहीच नाही. दोन्ही हात अडकलेले, गाल सोडायचा नव्हता. समोर आई तोंड उघडं टाकून आपल्या हनुवटीला बोट लावत होती, पूस म्हणून सांगत होती.